नोकरी शोधत असताना पगारवाढ कशी मागावी

बाहेर मुलाखती चालू आहेत आणि त्याच सुमारास सध्याच्या ऑफिसातही पगारवाढीचा विषय काढायचा आहे. यात गैर काहीच नाही. कंपनी एका जागेसाठी अनेक उमेदवार पाहते, तसे कर्मचाऱ्यानेही आपले पर्याय पाहावेत. गोंधळ होतो तो हे दोन विषय एकमेकांत मिसळले की. पगारवाढीची मागणी तुमच्या कामाच्या आणि त्या कामाच्या बाजारभावाच्या जोरावर उभी राहायला हवी. बाहेरची शोधाशोध तुम्हाला दोन गोष्टी देते, खरा आकडा आणि मनाची शांतता. लेखी ऑफर हातात येईपर्यंत ती साहेबांच्या कानावर जाता कामा नये.

आधी ठरवा: प्रश्न पैशाचाच आहे का

स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्यापासून पगार २० टक्क्यांनी वाढला आणि बाकी सगळं आहे तसंच राहिलं, तर पुढची दोन वर्षं इथे काढाल का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल, तर मागणीची तयारी पूर्ण ताकदीने करा आणि बाहेरच्या मुलाखती आधारापुरत्या ठेवा. उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे कामाचा कंटाळा, साहेबांशी न जुळणं, वरच्या जागेची शक्यताच नसणं अशी कारणं असतील, तर पगारवाढ मागायला हरकत नाही, पण तिच्यावर आशा बांधू नका. अशा वेळी पैसे वाढले तरी कारणं जागच्या जागी राहतात आणि काही महिन्यांत तुम्ही पुन्हा रेझ्युमे उघडून बसता.

‘नाही’वाल्यांनीही मागावं, याला एक व्यवहारी कारण आहे. नव्या ठिकाणी बरेचदा सध्याच्या पगारावर टक्केवारी लावून ऑफर दिली जाते. वाढ झाली की तो पायाच वर सरकतो. मात्र या काळात स्वतःला बांधून घेणारं काही स्वीकारू नका. अमुक काळ थांबण्याच्या अटीवर मिळणारा बोनस, कंपनीच्या खर्चाने होणारा महागडा कोर्स, परदेशी पाठवण्याचा करार अशा गोष्टींत मुदतीआधी सोडल्यास रक्कम परत करण्याचं कलम असतं. सोडायचं नक्की असताना ते घेणं योग्यही नाही आणि परवडणारंही नाही.

आधी मुलाखती, मग मागणी

पगारवाढ मागण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी शोध सुरू करा. दोन-तीन मुलाखती दिल्या की आपल्या कामाला बाहेर काय भाव आहे हे कळतं, आणि साहेबांसमोर बसताना आवाज स्थिर राहतो. मागणी फिसकटली तरी शोध शून्यापासून सुरू करावा लागत नाही.

दुसरं गणित कंपनीच्या कॅलेंडरचं आहे. वाढीची पत्रं ज्या महिन्यात वाटली जातात, त्याच्या दोन-तीन महिने आधी बजेट ठरलेलं असतं आणि मॅनेजरने आपल्या टीमचे आकडे वर कळवलेले असतात. अप्रेझलच्या बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्याला ‘आधी बोलायला हवं होतं’ हे ऐकावं लागतं, आणि ते खरंही असतं. पत्रांच्या तीन-चार महिने आधी विषय काढा. कॅलेंडर हुकलं असेल, तर एखादं मोठं काम नुकतंच पार पडलेलं असतानाची किंवा नवी जबाबदारी अंगावर येत असतानाची वेळ त्यातल्या त्यात चांगली. कंपनीत कपात चालू असताना, तिमाहीचे निकाल वाईट आल्याच्या आठवड्यात किंवा साहेब रजेवर निघण्याच्या आदल्या दिवशी हा विषय नको.

आकडा कसा काढायचा

पगाराचे आकडे देणाऱ्या वेबसाइट्स सुरुवातीला ठीक आहेत, पण त्यांच्यात जुने-नवे, लहान-मोठ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या अनुभवाचे आकडे मिसळलेले असतात. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे रिक्रूटरच्या पहिल्याच फोनवर विचारणं: ‘या जागेसाठी बजेट साधारण किती आहे?’ बरेच जण एक पट्टा, म्हणजे किमान ते कमाल आकडा, सांगतात. असे चार-पाच पट्टे जमले की चित्र स्पष्ट होतं. जाहिरातीत छापलेला पट्टा आणि त्याच क्षेत्रात दुसरीकडे काम करणाऱ्या ओळखीच्यांनी सांगितलेला आकडा यांच्याशी ते ताडून पाहा.

मग तीन आकडे कागदावर लिहा. सध्याचा पगार १०० धरू. बाजारात या कामाला ११५ ते १२५ मिळतात असं दिसलं, तर:

- किमान ११२: याखाली मिळालं तर शोध जोमाने चालू ठेवायचा.
- अपेक्षा ११८: हे मिळालं तर समाधान.
- मागणी १२४: तोंडाने हाच आकडा सांगायचा.

मागणी बाजाराच्या पट्ट्यातच पण वरच्या टोकाजवळ ठेवायची, कारण पहिला उच्चारलेला आकडा पुढच्या चर्चेला आपल्याकडे ओढतो. मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, असं लोकांना विचारण्याआधी एक चक्र फिरवलं गेलं. चक्रावर १० आलेल्या गटाचा मधला अंदाज २५ होता, ६५ आलेल्या गटाचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काही संबंध नव्हता, तरी आकड्याने आपलं काम केलं. म्हणून ‘थोडं बघा ना’ असं न म्हणता आकडा सांगा. पण तो पट्ट्याच्या बाहेर, १५० वगैरे नेलात, तर तुमचा अभ्यास झालेला नाही असा अर्थ निघतो आणि चर्चाच थांबते.

महागाईही हिशेबात घ्या. वर्षभरात भाव ६ टक्क्यांनी वाढले आणि पगार ५ टक्क्यांनी, तर हातातल्या पैशाची ताकद कमी झाली. हे स्वतःसाठी जाणून ठेवा. मागणीचं मुख्य कारण म्हणून पुढे करू नका, कारण महागाई सगळ्यांनाच सारखी आहे आणि साहेबांना ‘याच व्यक्तीला का’ याचं उत्तर वर द्यायचं असतं.

एका पानाचं टिपण

हा भाग लोक सर्वाधिक टाळतात, आणि खरा फरक इथेच पडतो. तुमचे साहेब बहुतेक वेळा एकट्याने निर्णय घेत नाहीत. त्यांना त्यांच्या वरिष्ठांना आणि एचआरला पटवावं लागतं, आणि त्या खोलीत तुम्ही नसता. तुमच्या वतीने जे बोलायचं ते त्यांच्या हातात लिहून द्या. एकच पान, त्यात चार गोष्टी.

पहिली, गेल्या बारा महिन्यांतली तीन ते पाच कामं, प्रत्येकापुढे परिणाम. ‘रिपोर्टिंग सुधारलं’ याने काही कळत नाही. ‘महिनाअखेरचा रिपोर्ट चार दिवसांऐवजी दीड दिवसात निघतो’ याने कळतं. वाचलेला वेळ, वाचलेला खर्च, टिकवलेला ग्राहक, कमी झालेल्या तक्रारी, शिकवून तयार केलेली माणसं, यांतलं जे मोजता येईल ते मोजा. टीमचं यश असेल तर त्यात तुमचा वाटा कोणता ते नेमकं लिहा. सगळं श्रेय आपल्याकडे ओढलेलं लगेच ओळखू येतं.

दुसरी, रुजू होताना कामाचं स्वरूप काय होतं आणि आज काय आहे. गेलेल्या सहकाऱ्याचं काम अंगावर आलं आणि पदनाम तेच राहिलं, असं असेल तर हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. तिसरी, बाजाराचा पट्टा, एका ओळीत. चौथी, तुमची मागणी आणि ती कोणत्या तारखेपासून हवी.

काय लिहायचं नाही तेही सांगायला हवं. घराचा हप्ता, मुलांची फी, लग्न यांचा कामाच्या मोलाशी संबंध नाही, आणि साहेबांना ते वर सांगताही येत नाही. शेजारी बसणाऱ्याचा पगारही नको. तो खरा असला तरी चर्चा तुमच्यावरून घसरून त्याच्यावर जाते, आणि ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ हा नवाच विषय सुरू होतो.

प्रत्यक्ष भेट

वेळ मागून घ्या, वीस-तीस मिनिटांची, आणि विषय आधी सांगा: ‘सर, माझ्या कामाबद्दल आणि पगाराबद्दल बोलायचं आहे. या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?’ जाता जाता जिन्यात किंवा दुसऱ्या मीटिंगच्या शेवटी विषय काढला तर तयारी नसलेला माणूस सुरक्षित उत्तर देतो, आणि सुरक्षित उत्तर म्हणजे ‘नाही’.

भेटीत प्रस्तावना लांबवू नका. साधारण असं: ‘सर, वर्षभरात माझ्याकडे तीन नवी कामं आली, त्यांचे परिणाम या पानावर आहेत. बाजारात या जबाबदारीला जे मिळतं ते पाहता माझा पगार १२४ पर्यंत यावा अशी माझी विनंती आहे. तुमचं काय मत आहे?’ एवढं बोलून थांबा. ही शांतता सहन न होऊन लोक स्वतःच खाली येतात: ‘म्हणजे, एवढं नाही जमलं तरी थोडंफार...’ समोरच्याने काही म्हणण्याआधीच पाच-सहा टक्के गेलेले असतात. ते वाक्य घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. आकडा उच्चारताना जीभ अडखळायची बंद झाली पाहिजे.

समजा त्यांनी सरळ विचारलं, ‘बाहेर बघताय का?’ खोटं बोलू नका, कारण महिन्याभराने राजीनामा दिलात तर तेच वाक्य आठवणीत राहील. सगळं सांगायची गरजही नाही. ‘या कामाला बाहेर काय मिळतं यावर माझं लक्ष आहे, कोणी फोन केला तर मी बोलतोही. पण आज आलोय ते इथला प्रश्न इथेच सुटावा म्हणून.’ हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. शेवटचं वाक्य मनात नसेल तर ते वगळा. ‘मी कुठेही जाणार नाही’ असं वचन मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका.

त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवा. काय बोलणं झालं, कोण काय करणार, पुन्हा कधी भेटायचं. तीन-चार ओळी. भाषा मैत्रीची, तारीख मात्र पक्की. वर विचारून यायला दोन ते सहा आठवडे लागतात; तेवढा धीर धरा आणि ठरल्या तारखेला आठवण करा.

‘नाही’चे प्रकार

प्रत्येक नकाराचं कारण वेगळं असतं, म्हणून उत्तरही वेगळं.

‘बजेट नाही.’ हे अनेकदा खरं असतं. विचारा: पुढचं बजेट कधी ठरतं, आणि त्यात माझं नाव जावं यासाठी तुम्हाला माझ्याकडून काय हवं? आत्ता एकरकमी बोनस देता येईल का, हेही विचारा. बरेचदा त्याची तरतूद पगाराच्या बजेटपेक्षा वेगळी असते. पण लक्षात ठेवा, एकरकमी रकमेवर पुढच्या वर्षीची वाढ लागत नाही.

‘तुमच्या पदाच्या पट्ट्याचं वरचं टोक आलंय.’ इथे पगारावर वाद घालून उपयोग नाही. पद बदलल्याशिवाय आकडा हलणार नाही, म्हणून चर्चा बढतीकडे वळवा. काम आधीच वरच्या पदाचं करत असाल, तर टिपणातला दुसरा मुद्दा इथे बाहेर काढा.

‘अजून तयारी कमी आहे.’ ऐकायला कडू असलं तरी हे उत्तर उपयोगाचं आहे, फक्त ते मोजता येईल असं करून घ्या. नेमकं काय दिसलं म्हणजे तयारी झाली असं म्हणाल? कधीपर्यंत? ठरवणार कोण? तिन्ही उत्तरं ईमेलमध्ये लिहून घ्या.

‘बघतो.’ सगळ्यात फसवं उत्तर हेच. त्याला तारीख जोडून घ्या: ‘मग पंधरा तारखेला पुन्हा भेटू का?’ ठरलेली तारीख दोनदा काही न होता गेली, तर तो नकारच आहे असं समजा आणि बाहेरच्या शोधाला पूर्ण वेळ द्या.

नकारानंतर कामात हात आखडता घेऊ नका. पुढच्या नोकरीसाठी याच लोकांकडून संदर्भ मागायचे आहेत.

शोध गुप्त ठेवणं

ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल, ऑफिसचं वायफाय यांवर नोकरीशी संबंधित काहीही करू नका. रेझ्युमेची फाइलही तिथे नको. मुलाखतीसाठी अर्ध्या दिवसाची रजा रीतसर घ्या; दर आठवड्याला दवाखान्याचं कारण कोणाला पटत नाही. जमेल तितक्या मुलाखती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मागून घ्या.

लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट लावू नका. फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सोय तिथे आहे, आणि तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ती लपवण्याचा प्रयत्नही होतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन देत नाही. प्रोफाइल बदलण्याआधी बदलांची सूचना इतरांना जाण्याचं सेटिंग बंद करा. जॉब पोर्टलवर रेझ्युमे खुला ठेवला तर तुमच्याच एचआरला तो सापडू शकतो, कारण तेही माणसं तिथेच शोधतात. रिक्रूटरला स्पष्ट सांगा, आणि लिहूनही द्या, की ऑफर पक्की होईपर्यंत सध्याच्या कंपनीत चौकशी करू नये. सहकाऱ्यांना, अगदी जवळच्यालाही, सांगू नका. बातमी फुटते ती बहुतेकदा अशाच विश्वासातून.

मुलाखतीत ‘सध्याचा पगार किती?’ असं विचारलं तर आकडा फुगवू नका. पगाराच्या स्लिपा नंतर मागितल्या जातात. काही देशांत आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत हा प्रश्न विचारण्यालाच कायद्याने बंदी आहे. तुम्ही बोलणं अपेक्षेकडे वळवू शकता: ‘या जबाबदारीसाठी माझी अपेक्षा अमुक ते अमुक अशी आहे.’

ऑफर आल्यावर हिशेब

मोठ्या आकड्याला भुलू नका, तो फोडून पाहा. समजा सध्या एकूण १०० आहेत: ८० निश्चित आणि २० कामगिरीवर, त्यातले दरवर्षी साधारण ९० टक्के म्हणजे १८ मिळतात. प्रत्यक्षात ९८. नवी ऑफर १२५ ची: ९० निश्चित, २० कामगिरीवर आणि १५ जॉइनिंग बोनस. बोनस पहिल्याच वर्षी मिळणार, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत. कामगिरीच्या २० पैकी तिथे ७० टक्के मिळतात असं मुलाखतीत कळलं, तर ते १४. दुसऱ्या वर्षीचा खरा आकडा १०४. कागदावरची २५ टक्के वाढ प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्या आसपास निघाली. त्यातून प्रवासाचा वाढीव वेळ आणि खर्च, विम्यातला फरक आणि सध्याच्या कंपनीत अजून नावावर न झालेले शेअर वजा करा. कंपनीने देऊ केलेले शेअर नावावर होण्याचा नेहमीचा ठरलेला काळ चार वर्षांचा असतो आणि पहिला चौथा हिस्सा वर्ष पूर्ण झाल्यावर मिळतो. त्या तारखेला महिनाभर उरला असताना राजीनामा दिला तर मोठी रक्कम हातची जाते.

आता ही ऑफर साहेबांना सांगायची का? तीन अटी पुऱ्या होत असतील तरच: ऑफर लेखी आहे, तुम्हाला खरोखर थांबायची इच्छा आहे, आणि ‘अभिनंदन, शेवटचा दिवस कधी?’ असं उत्तर आलं तर जायची तयारीही आहे. नसलेली ऑफर दाखवणाऱ्याला हेच उत्तर मिळतं आणि मग परतीची वाट उरत नाही. अटी पुऱ्या असतील तर एकदाच, धमकीचा सूर न लावता सांगा: ‘मॅडम, मला बाहेरून लेखी ऑफर आली आहे. इथलं काम मला आवडतं, म्हणून निर्णय घेण्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं. फरक इतका आहे. यातलं इथे काय जमू शकेल हे गुरुवारपर्यंत कळलं तर बरं होईल.’ कंपनीचं नाव सांगणं किंवा पत्र दाखवणं बंधनकारक नाही. नव्या कंपनीकडून मुदत कमी मिळाली असेल तर दोन-तीन दिवस वाढवून मागा. कारण विचारलं तर ‘घरी नीट विचार करून सही करायची आहे’ एवढं पुरतं, अर्थात ते खरं असेल तर.

काउंटर ऑफर

राजीनाम्यानंतर अचानक पैसे निघतात, कारण मधल्या प्रोजेक्टात माणूस बदलणं महाग पडतं. तुम्ही थांबावं म्हणून सध्याची कंपनी वाढीव पगार देऊ करते, तीच काउंटर ऑफर. ती स्वीकारण्याआधी विचारा: हे लेखी आहे का, कोणत्या तारखेपासून, आणि पुढच्या अप्रेझलची वाढ यातच धरली आहे का? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. चार महिन्यांनी पत्र येतं आणि त्यात वाढ शून्य, कारण ती ‘आधीच दिली’. थांबण्याची अट आहे का, तेही पाहा. मग सुरुवातीचा ‘दोन वर्षं काढाल का’ हा प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा आणि उत्तरासाठी स्वतःला दोन दिवसांहून जास्त देऊ नका. कोणत्याच आकड्याला थांबायचं नसेल, तर राजीनामा देतानाच ‘निर्णय झाला आहे’ असं सांगा. त्याने दोन्हीकडचा वेळ वाचतो.

राजीनामा केव्हा द्यायचा, याबाबत एकच काळजी पुरेशी घ्या. फोनवरची ऑफर ही ऑफर नव्हे. सही केलेलं पत्र हवं, आणि ते पार्श्वभूमी तपासणी किंवा वैद्यकीय तपासणीच्या अटीवर असेल, तर ती पूर्ण झाल्याचा ईमेल हवा. नोटीस पिरियड किती, तो विकत घेता येतो का (म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का) आणि नवी कंपनी तितकं थांबेल का, हे सही करण्याआधीच स्पष्ट करून घ्या.

आणि थांबायचं ठरलं, तर वाढीचं पत्र हातात आल्यावर बाहेरच्या कंपनीला त्याच दिवशी फोन करून नकार कळवा आणि मागोमाग दोन ओळींचा ईमेल पाठवा. बाकीच्या चालू मुलाखतींनाही तसंच कळवा. टिपणाची फाइल मात्र पुसू नका. पुढच्या कामाचा पहिला परिणाम दिसला की तारीख टाकून त्यात नवी ओळ लिहा.